चाचांच्या घरातली बोआ

अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एक आमचं, एक चाचांचं. लग्न होऊन मी नाशिकहून दोह्याला आले ती सत्त्याण्णव साली. नवरा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. उत्तरेकडच्या गॅस प्लँटवर त्याची नोकरी होती आणि आठवड्यातले बरेच दिवस तो तिकडच्या कॅम्पमध्येच राहायचा. मला नोकरी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, अरबी तर नाहीच. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं समोरचं एकच दार होतं.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. तरुणपणी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये जगभर फिरले होते आणि उतारवयात इथल्या बंदरात एका टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिनिअर म्हणून स्थिरावले होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, कमी बोलणारे. बायको आणि मुलं गावी. रमजानात त्यांनी घरी केलेली सांदणं एका डब्यातून आमच्याकडे पाठवली. डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून मी शिरा करून नेला. दार उघडलं तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत साप गुंडाळलेला होता.

माझ्या हातून डबा सुटला नाही इतकंच. चाचा जागचे हलले नाहीत. हात जिथे होता तिथेच ठेवून म्हणाले, "भिऊ नको, बाय. ती कुनाला काय करीत नाय."

मी शिरा उंबऱ्यावर ठेवून परत फिरले. पण दार लावताना पुन्हा एकदा पाहिलं. असा साप मी आजवर पाहिला नव्हता. आमच्याकडे शेतात मांडूळ निघायचं, धामण निघायची. हा रंगच वेगळा होता. दुधात थोडा गेरू मिसळावा तसा, आणि शेपटीकडे विटकरी चट्टे.

हळूहळू धीर चेपला. मी दारात उभी राहून विचारायची आणि चाचा आतून सांगायचे. ती बोआ होती. अजगराच्या जवळची जात, पण अजगर अंडी घालतो आणि ही पिल्लांना जन्म देते. विष नाही. भक्ष्याला विळखा घालून मारते आणि अख्खं गिळते. शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात, पूर्वी कधी पाय होते त्याची खूण. नराच्या मोठ्या असतात, हिच्या अगदी बारीक, म्हणून ती मादी असं त्यांनी ठरवलं होतं. नाव मात्र ठेवलं नव्हतं. 'ती' एवढंच.

मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रात चिमुकल्या बेटांचा एक पुंजका आहे. ती तिथली. किनाऱ्यावर राहणारे हिच्या जातीचे बोआ दुप्पट वाढतात, पण बेटावर खायला थोडं, म्हणून तिथले पिढ्यान्‌पिढ्या लहानच राहिले. ही पूर्ण वाढलेली होती आणि जेमतेम चार फूट भरत असेल. बेटावर पाली आणि सरडे असतात, आणि वर्षातून ठरावीक दिवसांत दूर जाणारे पक्षी विसाव्याला उतरतात. तेव्हा पोटभर खायचं आणि नंतर महिनोन्‌महिने त्यावर काढायचे, असं तिथे चालतं म्हणे. चाचांना हे सगळं एका बंदरातल्या माणसाने सांगितलं होतं. तोच माणूस गोणीत भरून हे साप विकत होता. परदेशी लोकांना त्यांचा रंग आवडायचा, शिवाय स्वभावाने शांत, त्यामुळे लोक बेटांवर जाऊन गोण्याच्या गोण्या भरून आणायचे. चाचा ती गोणी बघायला म्हणून थांबले आणि तळाशी दबलेलं सगळ्यांत लहान पिल्लू घेऊन जहाजावर आले. का घेतलं, ते मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की वरच्यांच्या वजनाने ते मरणार हे दिसत होतं, आणि दुसरं काही त्या वेळी सुचलं नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्याआधी माझं बाळ पोटातच गेलं. सातवा महिना होता. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. आमच्या मराठी मंडळातल्या बायका येऊन बसायच्या. त्यांचा हेतू चांगला होता. प्रत्येकीकडे सांगायला कुणाची तरी गोष्ट होती, जिला नंतर चांगलं मूल झालं. नाशिकहून आई फोनवर रडायची आणि मीच तिची समजूत काढायची. नवऱ्याला रजा संपल्यावर प्लँटवर जावं लागलं. तो गेला त्या दिवशी मी भांडीही घासली नाहीत.

चाचा भेटायला आले नाहीत. एका सकाळी त्यांनी बेल वाजवली आणि दारातूनच सांगितलं की टग चार-पाच दिवस बाहेर समुद्रात जाणार आहे, तेवढे दिवस बोआच्या पेटीतला दिवा चालू आहे ना आणि पाण्याचं भांडं भरलेलं आहे ना, एवढं मी बघावं. पूर्वी हे कोण बघायचं, ते मी विचारलं नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि जिना उतरून गेले.

मी दुपारी जाऊन बसायला लागले. काचेची मोठी पेटी, आत वाळू, एक वाकडीतिकडी फांदी, कोपऱ्यात उलटं घातलेलं मातीचं भांडं आणि एका बाजूला दिवा. दिवसा ती भांड्याखाली अंग घट्ट मुडपून असायची. मोकळ्या जागेपेक्षा तिला सगळीकडून टेकलेली जागा आवडायची. दिवस कलायला लागला की डोकं बाहेर यायचं, मग जीभ. जीभ किती तरी वेळ हवा चाखत राहायची आणि बाकी अंग दगडासारखं स्थिर. आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. सकाळी ती करडी, मळकट दिसायची. संध्याकाळ होत आली की तिचा रंग आतून निवळल्यासारखा फिकट होत जायचा आणि मग गुलाबी झाक दिसायला लागायची. पहिल्यांदा मला वाटलं, हा उजेडाचा फरक असेल. मी ट्यूबलाइट लावून पाहिली. नव्हता. ती खरोखरच दिवसातून दोनदा रंग बदलायची.

चाचा परत आल्यावरही किल्ली माझ्याकडेच राहिली. ते कामावर असत तेव्हा मी जाऊन बसायची आणि ते घरी असले तर दार उघडं ठेवून ते चहा करायचे. बोलणं बोआबद्दलच व्हायचं. डोळ्यांवर निळसर साय आल्यासारखं दिसायला लागलं की ती कात टाकणार असं समजायचं. त्या दिवसांत तिला जवळजवळ दिसत नाही, म्हणून ती चिडकी होते, फुत्कारते, आणि पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहते. अशा वेळी खायला द्यायचं नाही. मी काचेबाहेरून सगळं पाहायची, पण हात कधी लावला नाही. चाचांनीही कधी लाव म्हटलं नाही. माझ्या बाळाबद्दल तर त्या पूर्ण वर्षात ते एकच वाक्य बोलले. गावी त्यांचीही एक मुलगी लहानपणी गेली होती, ते जहाजावर असताना, आणि त्यांना दोन बंदरं पुढे गेल्यावर कळलं होतं.

पुढच्या वर्षी जुलैत तो शुक्रवार आला. चाचा दर शुक्रवारी नमाजाला निघायचे तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात ऐकू यायचा. त्या दिवशी आला नाही. नवरा प्लँटवर होता. बांग होऊन गेली, रस्ता ओस पडला, तरी दार उघडल्याचं कळलं नाही. मी बेल वाजवली, हाका मारल्या आणि शेवटी किल्ली लावली.

हॉलमध्ये एसी पूर्ण जोरात चालू होता. चाचा पेटीशेजारी फरशीवर कुशीवर पडले होते. पेटीचं झाकण उघडं, पाण्याचं भांडं बाजूला कलंडलेलं. पाणी बदलताना कोसळले असणार. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, श्वासाचा घरघर आवाज येत होता. आणि बोआ त्यांच्या छातीशी, हात आणि बरगड्या यांच्यामधल्या जागेत, गोल वळसा घालून बसलेली होती.

मी अँब्युलन्सला फोन केला. खाली नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, रस्त्यावर जाऊन उभा राहिला. अँब्युलन्सची माणसं लवकर आली, एक फिलिपिनो आणि एक सुदानी. स्ट्रेचर घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. फिलिपिनोने सापाकडे बोट दाखवून मला इंग्रजीत सांगितलं की हा हलवल्याशिवाय आम्ही आत येणार नाही. त्यांचा दोष नव्हता. मीही त्यांच्या जागी आले नसते. सुदान्याने त्यांच्याबरोबर वर आलेल्या वॉचमनला इंग्रजीतच काठी आणायला सांगितलं.

काठी हा शब्द ऐकल्यावर चाचांचे डोळे माझ्याकडे वळले. बोलता येत नव्हतं. उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो फक्त फरशीवर घसरला.

मी गुडघ्यावर बसले. चाचा तिला कसं उचलायचे ते इतके दिवस पाहिलं होतं. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही. बाजूने, अंगाखालून, दोन ठिकाणी आधार द्यायचा आणि डोकं मोकळं सोडायचं. आधी मी हात साडीला पुसले. मग अंगाखाली घातले. मला गार, ओलसर काहीतरी लागेल असं वाटलं होतं. ती कोरडी होती आणि चाचांच्या अंगाला टेकलेल्या बाजूने कोमट. तिने एक लांब फुत्कार टाकला. मी थांबले, सोडलं नाही. मग तिने शेपटी माझ्या मनगटाभोवती घेतली आणि आवळली. त्या छोट्या अंगातली ताकद मला खांद्यापर्यंत जाणवली. मी उठले, पेटीकडे वळले आणि तिला आत सोडायला बराच वेळ लागला, कारण ती सोडत नव्हती. शेवटी दिव्याखाली हात धरून थांबले, तेव्हा वेढा ढिला झाला. तोवर माणसांनी चाचांना उचलून खाली नेलं होतं.

पुढे किती तरी लोकांनी मला सांगितलं की मुका जीव मालकाला सोडून गेला नाही. मंडळातल्या एकीने तर नागपंचमीच्या कार्यक्रमात ही गोष्ट सांगितली. मला ते खरं वाटत नाही. बोआ स्वतःची ऊब स्वतः तयार करू शकत नाही. खोली बर्फासारखी गार होती आणि जमिनीवर पडलेला माणूस ही तिला सापडलेली सगळ्यांत उबदार गोष्ट होती. चाचांनाही हे माहीत होतं. ते नेहमी म्हणायचे की तिला मी कोण ते कळत नाही, हात गरम आहे एवढं कळतं. ते सांगताना त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

चाचा वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचाही. वॉर्डात मी गेले तेव्हा ते एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत होते आणि नर्सला वाटत होतं की पाणी मागतात. मी जवळ जाऊन सांगितलं, "ती माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहील." त्यानंतर तो आवाज थांबला. अल वक्रामध्ये राहणारा त्यांचा पुतण्या पुढच्या महिन्यात त्यांना व्हीलचेअरवरून विमानात घेऊन गावी गेला.

नवऱ्याला हे मान्य नव्हतं. त्याला सापाची मनापासून किळस होती आणि मी त्याला विचारल्याशिवाय शब्द दिला होता. आमचं भांडण झालं नाही, त्यापेक्षा वाईट झालं. तो कॅम्पवरून यायचा, जेवायचा आणि पेटी ठेवलेल्या मागच्या खोलीचं दार बंद आहे ना एवढं बघून झोपायचा. चाचांचा जुना फ्रिजही आम्ही त्या खोलीत आणला होता, कारण पाखरांच्या सूकमधून, म्हणजे पाळीव पशुपक्ष्यांच्या बाजारातून, आणलेले मेलेले उंदीर मी स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवू शकत नव्हते. कांदालसूणही बेताने खाणाऱ्या घरात वाढलेली मी चिमट्याने उंदीर धरून उभी राहायची. ती आधी जीभ काढून बघायची, मान इंग्रजी एससारखी मागे घ्यायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झेप. मग तीन वेढे, आणि मग शांतता. मेलेलं भक्ष्यही ती आवळायचीच.

दोन हजार दोनमध्ये मुलगी झाली. आता मात्र नवऱ्याने स्पष्ट विचारलं की हे असं किती दिवस चालणार. मी म्हटलं, झाकणाला कुलूप आहे. ते खरं होतं, पण एका संध्याकाळी कुलूप असूनही पेटी रिकामी निघाली. दिव्याची वायर जाते त्या भोकाशेजारची जाळी नाकाने घासून घासून तिने वर उचलली होती. मुलगी तेव्हा रांगत होती. नवऱ्याने तिला उचललं, खालच्या मजल्यावर नेऊन दिलं आणि परत आला. मला वाटलं तो आता बोलेल. त्याने पलंगाला हात घातला. आम्ही दोघांनी पलंग उभा केला, कपाटं ओढली, वॉशिंग मशीन पुढे घेतलं. मी रडत होते. तो मध्येच थांबला आणि मला विचारलं, "तिला काय लागतं? काय शोधत असेल ती?"

मी म्हटलं, "ऊब. आणि अंगाला टेकणारी जागा."

त्याने जरा विचार केला आणि चाचांच्या फ्रिजच्या मागे टॉर्च मारला. मोटरच्या वर, नळ्यांच्या मधल्या फटीत ती बसली होती, फिकट गुलाबी. माझा हात तिथवर पोचत नव्हता. नवऱ्याने बाह्या वर केल्या. मी सांगत गेले आणि तो करत गेला. खालून आधार दे, ओढू नको, ती सुटेपर्यंत थांब. घाम त्याच्या नाकावरून टपटपत होता. ती बाहेर आल्यावर त्याच्या हाताला वेढून बसली आणि तो तसाच जमिनीवर बसून राहिला. मग म्हणाला की अंदाज होता त्यापेक्षा जड आहे. दुसऱ्या दिवशी त्याने प्लँटवरून स्टीलची जाड जाळी आणली आणि स्वतः स्क्रूने बसवली. मागच्या खोलीचं दार त्यानंतर दिवसा उघडं राहायला लागलं.

त्या वर्षी सुट्टीत आम्ही चाचांच्या गावी गेलो. पडवीत खुर्चीवर बसले होते. अंग निम्मं झालेलं. चाचींनी मला जवळ बसवलं. त्यांना बोआबद्दल पुतण्याकडून कळलं होतं. तीस वर्षांत नवरा संध्याकाळी काय करतो, हे आपल्याला कधी माहीतच नव्हतं, असं त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या, त्यांना फक्त ऐकायचं होतं. मग मी दोघांनाही सांगितलं, जाळीचं, फ्रिजमागचं, नवऱ्याने तिला कसं बाहेर काढलं ते. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग त्यांनी ओठ जुळवले आणि खूप कष्टाने एक शब्द बाहेर काढला.

"खाल्लान?"

मी सांगितलं की निघायच्या आदल्या दिवशी खाल्लं, नीट खाल्लं. त्यांनी मान हलवली.

चाचा दोन हजार चारच्या पावसाळ्यात गेले. चाचींचा फोन आला. त्या दिवशी बोआ कात टाकत होती, आणि मी रिसीव्हर ठेवून जाऊन तिच्या भांड्यात पाणी भरलं.

दोन हजार आठ साली नवऱ्याची बदली पुण्याला झाली. तिला भारतात नेणं शक्य नव्हतं. शहराबाहेर उत्तरेकडे एका वयस्क कतारी गृहस्थांची मजरा, म्हणजे शेतवाडी होती आणि तिथे त्यांनी बरेच प्राणी नीट सांभाळले होते. तिथला सुदानी जनावरांचा डॉक्टर आधी आमच्या घरी येऊन तिला पाहून गेला. मग आम्ही तिघं पेटी घेऊन तिकडे गेलो. मी डॉक्टरला सगळं सांगितलं. सकाळचा आणि संध्याकाळचा रंग, डोळ्यांवरची साय, ती न खाता किती दिवस राहू शकते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे. जाळी नाकाने उचलते तेही. गृहस्थ बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांना मोडकं हिंदी येत होतं. ही कुठली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बेटावरची, फार लांबच्या. तिथे अजून आहेत का, असं त्यांनी विचारलं.

हे मी त्याआधी शोधून वाचलं होतं. गोण्या भरून नेता नेता एक वेळ अशी आली की त्या बेटांवर शोधूनही बोआ सापडेना. मग ती बेटं राखीव झाली, पकडायला बंदी आली, आणि आता त्या पुन्हा दिसायला लागल्या आहेत. मी त्यांना तसं सांगितलं. ते "अल्हम्दुलिल्ला" म्हणाले आणि डॉक्टरला अरबीत काहीतरी सांगितलं. डॉक्टरने मला त्याचा अर्थ सांगितला. पेटी लहान आहे, तिच्यासाठी झाड असलेली खोली करा, असं ते म्हणाले होते.

मी तिला शेवटचं उचललं. वेढा सुटेपर्यंत थांबले. मुलगी काचेला नाक लावून उभी होती. तिने मला इंग्रजीत विचारलं की आपण गेलो हे तिला कळेल का. मी मराठीत म्हटलं, नाही, कळणार नाही. मुलीने जाऊन बापाचा हात धरला. आम्ही गाडीत बसलो. नवऱ्याने गाडी सुरू केली नाही. शेडमध्ये डॉक्टर दिवा कुठे टांगायचा ते बघत होता. तो लागेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.